गोड आवाज पाहिजे

पोंकाची पहिली टोपली दिसली की माझा हात आपोआप मागे येतो. कोवळ्या ज्वारीचे ते भाजलेले हिरवे दाणे, शेजारी लिंबू-मिरीची शेव, ताकाचे ग्लास. आमच्या खानदेशात याला हुरडा म्हणतात आणि तो शेताच्या बांधावर बसून खातात. सुरतेत त्याचा पोंक होतो आणि तो तापीच्या काठी मांडव घालून विकतात. थंडीचे ते चार दिवस, तेवढ्यात सगळं शहर पोंकाच्या मागे लागतं. मीही लागते. पण पहिली मूठ तोंडात टाकायच्या आधी कुणीतरी हातावर चापट मारील असं मला अजून वाटतं. पन्नाशी आली तरी वाटतं.

यंदा पोंक आला त्याच आठवड्यात माझ्या मुलीचा, तेजूचा, नोकरीचा इंटरव्ह्यू होता. हल्ली इंटरव्ह्यू घरातच होतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, समोर लॅपटॉप. मी स्वयंपाकघरात होते. दोन दारं बंद होती. मी आपलं नेहमीसारखं विचारलं, "तेजू, चहा टाकू का गं?" तर म्हणे तिकडे बंगळुरात बसलेले साहेब हसले आणि म्हणाले, आधी चहा घ्या, मग पुढचा प्रश्न. इंटरव्ह्यू संपल्यावर तेजू लालबुंद होऊन बाहेर आली. "आई, तुला हळू बोलता येतच नाही का?"

येतं. चांगलं दोन महिने शिकले होते. नव्वदच्या दशकातल्या एका थंडीत, दुसरं सगळं सोडून मी फक्त हळू बोलायला शिकत होते.

सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत हळू बोलणारं माणूस आजारी समजलं जाई. घरटी एक माणूस लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, पारोळ्याकडून आले ते थेट उधन्याच्या एका खात्यात लागले. बारा तास चाळीस मशीनच्या खडखडाटात उभे राहायचे आणि घरी येताना तोच आवाज घेऊन यायचे. त्यांना ऐकू जावं म्हणून माय तेवढ्याच आवाजात उत्तर द्यायची. मायचं ऐकून आम्ही. "पाणी दे" हे दोन शब्द आमच्याकडे चौथ्या खोलीपर्यंत ऐकू जात. एकदा गावाहून काका आले आणि पिशवी घेऊन दाराबाहेरच उभे राहिले. आत भांडण चाललंय, मिटलं की जाऊ, असं त्यांना वाटलं. आत आम्ही वांगी करायची की शेवगा एवढंच ठरवत होतो.

या आवाजात काही वावगं आहे हे मला विसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. बारावी झाले होते, टायपिंगची परीक्षा दिली होती, गुजराती फडाफडा बोलत होते. रिंगरोडवरच्या कापड बाजारात एका पेढीवर टायपिस्ट हवी होती, तिथे गेले. शेठनी नाव विचारलं. मी सांगितलं. शेठनी पेन खाली ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बेन, हुं बहेरो नथी." मी बहिरा नाही हो. गादीवर बसलेले सगळे हसले. चहावाला हसला. मला जिने उतरताना पायऱ्या दिसत नव्हत्या. घरी येऊन मी कुणाशी बोललेच नाही, तर मायनं कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दिवाळी झाली आणि काका पुन्हा आले, या वेळी शिरपूरकडचं स्थळ घेऊन. मुलगा चांगला होता, वाईट काहीच नव्हतं. मला ते नको होतं एवढंच. मला माझी एक खुर्ची हवी होती, जिच्यावर बसून मी काम करीन आणि लोक मला नावाने विचारतील. काका म्हणाले, "पोर ईस वरीसनी हुई गई, आते कसानी वाट देखस?" वीस वर्षांची झाली, आता कसली वाट बघतोस. आप्पा जेवत होते. त्यांनी ताटावरून मान वर न करता सांगितलं, "मनी आंडेर नोकरी करी. संक्रांतलोंग थांब." आंडेर म्हणजे मुलगी. माझ्याबद्दल असं कुणी ठासून बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. पण मुदतही कळली. संक्रांतीपर्यंत नोकरी लागली तर सुरत, नाही तर शिरपूर.

आणि मग ती जाहिरात आली. गुजराती पेपरातल्या चार ओळी. कडोदऱ्याजवळच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये टेलिफोन ऑपरेटर जोईए छे. खाली ठळक अक्षरात, 'मीठो अवाज'. गोड आवाज पाहिजे. आख्ख्या सुरतेत माझ्याइतकी या नोकरीला नालायक मुलगी सापडली नसती. मी त्याच दिवशी अर्ज टाकला. खोड मोडायचीच तर मुळापासून मोडावी अशा तिरीमिरीत टाकला असणार. आठवड्याभरात बोलावणं आलं आणि तारीख निघाली संक्रांतीच्या चार दिवस आधीची.

गल्लीने 'मीठो अवाज' अगदी शब्दशः घेतला. कुणी ज्येष्ठमध आणून दिलं, कुणी खडीसाखर. माय घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करी. कात्री चालवता चालवता ती माझ्या तोंडाकडे पाहत बसे. सकाळी हळद-दूध, दुपारी तुळशीचा काढा, आणि लिंबाची सालही घरात यायची बंदी. "आंबट नको खाऊ, आवाज बशी जाई." त्यातच पोंक आला. पोंकाबरोबर लिंबू-मिरीची शेव आली आणि शेवेबरोबर मायची चापट. भावंडं माझ्यासमोर बसून पोंक खात. मी कोपऱ्यात मध चाटत बसे. गल्लीभर पतंगाची दोरी रंगवणाऱ्यांनी खांब रोवले होते, गुलाबी मांजा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला असे आणि त्याच्याखालून वाकून जाताना शेजारपाजारचे विचारत, "काय, कितपत गोड झाला?" मी मान हलवी. बोलायची चोरीच झाली होती.

खरं शिकवलं ते टायपिंग क्लासच्या हंसाबेननी. त्या वीस वर्षं मुलींना टायपिंग शिकवत होत्या आणि त्यांचा आवाज कसा, तर टाइपरायटर चालू असला तरी त्याच्या वर चढत नसे. त्यांनी कॉपीसाठी वापरतात तो पातळ कागद घेतला, दोऱ्याने माझ्या तोंडासमोर टांगला आणि म्हणाल्या, बोल, "नमस्ते, हुं आपनी शुं मदद करी शकुं?" मी तोंड उघडलं. कागद उलटून दिव्याला जाऊन चिकटला. "कागळ हाल्यो, नोकरी गई," हंसाबेन शांतपणे म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुन्हा टांगला. त्या महिन्यात माझी नोकरी रोज दोनशे वेळा तरी गेली असेल. हळू बोलायचं म्हणजे आवाज कमी करायचा असं मला वाटे, पण तसं नसतं. श्वासच वेगळा घ्यावा लागतो. समोरचा ऐकणार आहे, त्याला ऐकायला वेळ आहे, असं धरून चालावं लागतं. आमच्याकडे असं धरून चालायची कुणाला सवय नव्हती. तिसऱ्या आठवड्यात कागद नुसता थरथरला. चौथ्यात हललाच नाही. मी आनंदाने ओरडले आणि तो पुन्हा दिव्याला जाऊन चिकटला.

एक धडा हंसाबेननी आणखी दिला. त्या वाईट नव्हत्या, जग कसं चालतं ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "पप्पानुं पूछे तो कहेवानुं, टेक्सटाइल लाइनमां छे." टेक्स्टाइल लाइनमध्ये आहेत म्हणायचं. लूम्सवरचा कारीगर म्हणायचं नाही. खोटं तर नव्हतंच ते. मी तेही पाठ केलं.

आज मुलींना इंटरव्ह्यूचे क्लास असतात. तेजू सांगते, आपली ताकद कोणती, कमतरता कोणती, ते आधी लिहून काढायचं. मी ऐकते आणि मनात म्हणते, आमच्या वेळी तयारी म्हणजे निम्मी लपवाछपवीच होती. घर कुठे, बाप कोण, बोली कोणती, हे सगळं पदराखाली झाकून साहेबासमोर बसायचं. आणि झाकताना आपण काय झाकतोय ते नीट बघायचंही नाही.

रविवारी आप्पांना अर्धी सुट्टी असे. ते खाटेवर साहेब होऊन बसत. मांडीवर मांडी घालायचा प्रयत्न करत, ते जमत नसे. मी समोर उभी राहायचे. पहिल्या रविवारी मी कागद न हलवणाऱ्या आवाजात नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. आप्पांनी मान खाली घालून कान दिला. "बोल ना!"

"बोलनू ना!" बोलले ना, मी म्हटलं.

"आखो बोल."

मी पुन्हा बोलले. त्यांनी कान पुढे केला, मग दुसरा कान पुढे केला. मायनं कात्री खाली ठेवली. घरात एकदम सगळ्यांना एकाच वेळी कळलं, की आप्पांना माणसाचं साधं बोलणं आता ऐकू येत नाही. इतकी वर्षं आम्ही सगळेच ओरडत होतो, म्हणून ते कधी उघडं पडलंच नव्हतं. मला रडू फुटायच्या बेतात होतं. पण आप्पांनी मांडी ठोकली आणि खुशीत म्हणाले, "माले आयकू नही उनं म्हंजे बराबर शे!"

झालं. त्या दिवसापासून आप्पांचे कान ही आमची मोजपट्टी झाली. मी बोलायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. ऐकू आलं तर मान हलवायचे, नापास. ऐकू नाही आलं तर "बराबर शे". स्वतःचं बहिरेपण मुलीच्या कामी येतंय याचा त्या माणसाला इतका आनंद होता की मला तो सहन व्हायचा नाही आणि सोडवायचाही नाही. गल्लीतल्या लोकांना बोलावून दाखवायचे, देखा, माले एक अक्षर आयकू नही येत.

शेवटच्या रविवारी त्यांनी साहेबी थाटात विचारलं, "बाप काय करस?"

मी मऊ, गोड आवाजात म्हणाले, "टेक्सटाइल लाइनमां छे."

आप्पांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "बराबर शे."

लूम्सवरची माणसं ओठ वाचतात. बारा-बारा तास तिथे कानाचा उपयोग नसतो. त्या दिवशी आप्पांचे डोळे मिटलेले नव्हते. त्यांनी काय वाचलं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही, असंच म्हणते. मला माझी लाज वाटली ती त्या एका क्षणी, आणि ती आजतागायत पुरली आहे.

कडोदऱ्याच्या रस्त्यावर त्या दिवसांत उसाच्या गाड्यांची रांग असे, सगळ्या बारडोलीच्या साखर कारखान्याकडे निघालेल्या. आमची बस त्यांच्या मागून मुंगीच्या पावलाने चालली होती. उसाची पात खिडकीतून आत येत होती आणि मी हंसाबेनच्या आवाजात मनातल्या मनात नमस्ते, नमस्ते करत होते. मिलच्या बाकावर पाच मुली आधीच बसलेल्या. सगळ्यांचे आवाज खरेच गोड होते, जन्मजात. माझा शिकलेला.

मॅनेजरसाहेबांनी नाव-गाव विचारलं. माझा कागद हलला नाही. साहेबांनी मान डोलावली. मग त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, खात्यातून फोन येईल, तो माणूस सांगेल ते लिहून घ्या. पाचही मुलींना हीच परीक्षा दिली होती हे मला नंतर कळलं.

फोन वाजला. उचलला, तर कानात नुसता गडगडाट. रंगाची यंत्रं, वाफ, पंखे, पट्टे, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुणी भय्या हिंदीत लॉटचा नंबर सांगत होता. आधीच्या मुलींनी म्हणे रिसीव्हर कानापासून लांब धरला होता. मला मात्र, काय सांगू, घरी आल्यासारखं वाटलं. मी लहानपणापासून आप्पांचा डबा खात्यात नेऊन देत होते. खडखडाटातून माणसाचा शब्द तेवढा उचलायचा हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लॉट लिहिला, ताक्यांची, म्हणजे कापडाच्या ताग्यांची, संख्या लिहिली, रंग लिहिला. ट्रकचा शेवटचा आकडा तेवढा यंत्राने खाल्ला.

"भाईसाहब, जरा फिर से कहेंगे?" मी गोड आवाजात म्हणाले.

"हलो? हलो?" तिकडून.

पुन्हा विचारलं. पुन्हा "हलो? हलो?" साहेब माझ्याकडे बघत होते. दोन महिन्यांचा मध, ज्येष्ठमध, टांगलेला कागद, सगळं त्या हॅलोच्या तोंडात चाललं होतं. तो आता फोन ठेवणार, मला कळत होतं. संक्रांतीला चार दिवस होते. मग मी खुर्चीत ताठ बसले आणि घरच्या आवाजात बोलले. लूम्सवर नुसतं ओरडून भागत नाही. आवाज छातीतून काढायचा, शब्द तोडायचा आणि दोन ठोक्यांच्या मधे नेमका ठेवायचा. "ट्रक का. आखिरी. नंबर. बोलो."

साहेबांच्या बशीतला कप वाजला. बाहेरच्या बाकावरच्या मुली दारात आल्या. आणि तिकडून भय्या स्वच्छ म्हणाला, "सात."

मी सात लिहिलं आणि कागद पुढे केला. माझं काम संपलं असं मी धरून चालले होते. साहेबांनी कागद पाहिला, मग मला पाहिलं. "आ अवाज क्यांथी लाव्यां, बेन?"

कुठून आणला हा आवाज. पाठ केलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. ते मी गिळलं. "घरेथी, साहेब," मी म्हणाले, आणि आवाज खाली न आणताच म्हणाले, "मारा पप्पा लूम्स चलावे छे. उधनामां. वीस वरसथी."

साहेब थोडं हसले. म्हणाले, "बहारना फोन पर पेलो अवाज, खाताना फोन पर आ. सोमवारे आवी जजो." बाहेरच्या फोनवर तो मघाचा आवाज, खात्याच्या फोनवर हा; सोमवारी या.

पुढे तिथे मी खूप वर्षं काढली, ते असो. शिरपूरचं स्थळ परत गेलं, तेही असो. मला त्या दुपारची गोष्ट सांगायची आहे. मी घरी गेलेच नाही. बस बदलली आणि तडक उधन्याला, आप्पांच्या खात्यात.

भर पाळी चालू होती. खात्यात तोंडाने बोलणारा वेडा ठरतो, तिथे हाताने बोलतात. दोन बोटांची कात्री म्हणजे धागा तुटला. मिशीवर बोट म्हणजे शेठ आले. आप्पांनी मला लांबूनच पाहिलं आणि भुवया वर केल्या. मी मूठ कानाला लावली, टेलिफोन, आणि मग तोच हात छातीवर ठेवला. माझा.

 आप्पा वळले आणि एकेक करत चाळीसांतली आपली सहाही मशीन बंद केली. विणलेल्या मीटरवर मजुरी; कारीगर पाणी प्यायलाही मशीन बंद करत नाही. शेजारचा ओडिशाचा कारीगर चमकून बघायला लागला. आप्पांनी त्याच्याकडे पाहून मूठ कानाला लावली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्याने पलीकडच्याला तसंच केलं. बघता बघता त्या धुळीत, पांढऱ्या तंतूंनी भरलेल्या भुवयांची ती सगळी माणसं, कुणी ओडिया, कुणी यूपीचा, कुणी आमच्या धुळ्याकडचा, एका हाताने मशीन सांभाळत दुसऱ्या हाताची मूठ कानाला लावून माझ्याकडे बघून हसत होती. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने तर वाकून सलामच केला. एवढा मान मला पुढे कुठल्याही खुर्चीने दिला नाही.

मग आप्पा दोन पावलं पुढे आले, मूठ कानाला तशीच, छाती पुढे काढलेली, आणि साहेबासारखे म्हणाले, "हॅलो! कोन बोली ऱ्हायनं?"

मीही मूठ कानाला लावली. तो गोड आवाज, दोन महिने शिकलेला, कागद न हलवणारा, तोच काढला आणि म्हणाले, "तुमनी आंडेर."

चौतीस मशीन चालू होती. आप्पांना ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं.